कॉलरमधली दुसरी पट्टी

मुख्य न्यायमूर्ती केतकी हेरवाडकर यांच्या निवृत्तीला अकरा दिवस उरले होते, आणि सह्याद्री उच्च न्यायालयात त्यांच्याखेरीज सगळ्यांनाच त्याची घाई झाली होती. निरोपाच्या मानपत्राचा मसुदा तिसऱ्यांदा तपासायला आला होता. त्यात 'अविचल' हा शब्द सात वेळा होता. बाईंनी चार खोडले आणि उरलेले तीन खोडायचा कंटाळा आला म्हणून तसेच राहू दिले. तेवढ्यात चोपदार भोईटे चेंबरचं दार ढकलून आत आले.

“बाईसाहेब, इक्बालमास्तर आल्यात. पट्टी कापायला.”

साताऱ्यात हे उच्च न्यायालय होऊन सत्तावीस वर्षं झाली होती. एवढ्याशा काळात परंपरा कुठून येणार, असं कुणालाही वाटेल. पण आपल्याकडे परंपरा हवी म्हटलं की तिला फारसा वेळ लागत नाही. दुसऱ्या मुख्य न्यायमूर्तींचा नवा गाऊन मानेला टोचत होता, म्हणून इक्बालमास्तरांच्या वडिलांनी पहिल्यांच्या जुन्या गाऊनचं मऊ पडलेलं चार बोटं कापड कॉलरला आतून लावून दिलं. एवढीच गोष्ट. पुढच्या शपथविधीला कुणीतरी भाषणात म्हणालं, की न्यायाचा धागा असाच एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जात राहो. टाळ्या पडल्या. तेव्हापासून जाणाऱ्या मुख्य न्यायमूर्तींच्या कॉलरची पट्टी येणाऱ्यांच्या कॉलरमध्ये शिवायची, हा रिवाज झाला. मास्तर त्या दिवशी अंघोळ करून, इस्तरीचा शर्ट घालून यायचे आणि चहासुद्धा काम संपल्यावरच घ्यायचे.

आजही त्यांनी गाऊन टेबलावर उलटा पसरला, चष्मा पुसला, कॉलरची शिवण टाका टाका करत उसवली. मग थांबले.

“मॅडम, एक इचारायचं हुतं. ह्यातली कुठली कापू?”

“कुठली म्हणजे?”

“दोन हायत न्हवं. ही वरची आदीच्या रणपिसेसाहेबांची. मीच लावलीती, रिवाजापरमानं. ही खालची तुमची, कंपनीनं गाऊनसंगट दिलेली.” त्यांनी दोन्ही पट्ट्या बोटावर घेऊन उजेडात धरल्या. “दोन्हीत चांदीच्या तारा हायत. म्हनून म्हनलं इचारून घ्यावं.”

बाई म्हणणार होत्या, कुठलीही कापा. तोंडात आलंच होतं. पण साहेबांच्या पट्टीतही तारा आहेत हे वाक्य कुठेतरी अडकलं. का अडकलं ते त्यांना सांगता आलं नसतं. त्यांनी भोईट्यांना सांगून वस्त्रकक्षातल्या टिळेकरला बोलावून घेतलं.

*

आन्वी टिळेकर ही न्यायालयाची तांत्रिक अधिकारी. वय एकतीस, आणि बोलण्याचा वेग अंगावर येणारा. तिने दोन्ही पट्ट्या वाचकयंत्रावर ठेवल्या आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच गप्प झाली.

“मॅडम, तुमची पट्टी कोरी आहे.”

“कोरी म्हणजे काय?”

“काहीच शिकलेली नाही. सहा वर्षांत एक दिवससुद्धा नाही.”

इथे थोडं थांबून गाऊनबद्दल सांगायला हवं. न्यायाधीश हाही माणूसच असतो. त्याला भूक लागते, घरून भांडून आलेला असतो, पाच वाजत आले की तो कंटाळतो, आणि या सगळ्याचा निकालावर परिणाम होतो अशी कुजबुज फार जुनी आहे. त्यावरचा उपाय म्हणून सरकारने अकरा वर्षांपूर्वी, तूर्त मुख्य न्यायमूर्तींपुरतं, 'न्यायिक स्थैर्य वस्त्र' आणलं. ते नाव सरकारी कागदापलीकडे गेलं नाही. लोक त्याला धीराचा गाऊन म्हणू लागले. दिसायला तोच काळा गाऊन, पण कापडात केसाहून बारीक तारा. त्या नाडी मोजत, श्वास मोजत, घाम आणि मानेच्या स्नायूंचा ताण मोजत. मेंदूतून निघून मानेवाटे काळजापर्यंत आणि पोटापर्यंत जाणारी एक लांब नस असते, तिला व्हेगस म्हणतात. तिला हलकेच चेतवलं की काळजाची धडधड कमी होते, श्वास खाली बसतो. मानेत ती कातडीपासून फार खोल नसते, आणि गाऊनची कॉलर नेमकी तिथेच टेकते. अंगावर मुंगी चालावी एवढासा स्पंद कॉलरमधून जायचा, आणि चिडलेला माणूस कशाने शांत झालो हे न कळताच शांत व्हायचा.

पण शांत म्हणजे किती शांत? प्रत्येकाचं शरीर वेगळं. म्हणून पहिले चाळीस दिवस गाऊन काहीच करायचा नाही. नुसता अंगावर बसून शिकायचा, की हा माणूस निवांत असतो तेव्हा कसा असतो. ते शिकलेलं कॉलरच्या पट्टीत साठायचं. त्यानंतर माणूस त्या बैठकीपासून ढळला की गाऊन त्याला परत तिथे आणून बसवायचा. गाऊन निकाल देत नाही, न्यायाधीशाला फक्त त्याच्या जागेवर ठेवतो, असं माहितीपत्रकात छापलं होतं. ते वाक्य हेरवाडकरबाईंनीच लिहून दिलं होतं.

“नवा गाऊन अंगावर आला की आधी पट्टीला विचारतो, शिकून झालंय का?” आन्वी सांगत होती. “तुमच्या वेळी वरच्या पट्टीनं उत्तर दिलं, हो, झालंय. ती रणपिसेसरांची होती. मग त्यानं तुम्हाला शिकायला घेतलंच नाही.”

“आणि हे कुणाला दिसलं नाही?”

“नोंदी सीलबंद असतात ना, मॅडम. न्यायमूर्तींच्या शरीराची माहिती. फक्त तुमच्याच बोटानं उघडतात, आणि तुम्ही कधी उघडल्याच नाहीत.”

“कशाला उघडू? सगळं छान चाललं होतं.”

म्हणता म्हणता त्यांना हसू आलं. सगळं छान चाललं होतं म्हणजे कुणाचं? रणपिसेसरांची निवांत नाडी चौपन्न. त्यांची स्वतःची लहानपणापासून ऐंशीच्या खाली कधी आलेली नव्हती. फलटणच्या एसटी कंडक्टरची ही मुलगी वकिलीत आली तेव्हा हरलेल्या खटल्यावर बाथरूममध्ये जाऊन रडायची आणि जिंकलेल्यावर पेढे वाटताना भांडायची. रणपिसे तेव्हा तिचे सिनियर. म्हणायचे, केतकी, तुझ्या तोंडाकडे बघूनच समोरच्याला आपला निकाल कळतो. मग ती न्यायाधीश झाली, मग मुख्य न्यायमूर्ती, आणि सगळे म्हणू लागले की खुर्चीनं बाई किती पोक्त झाल्या. त्यांनाही ते खरं वाटलं होतं. वय वाढतं तसा माणूस निवतो, त्यात काय एवढं.

“म्हणजे मी नेहमीसारखी असले तरी...”

“तरी गाऊनला तुम्ही खवळलेल्या वाटत होता. दिवसभर खाली दाबत होता तो तुम्हाला.”

मास्तर एव्हाना कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. त्यांचा चेहरा उतरला होता. “माज्याकडनं चूक झाली का मॅडम? वडिलांनी शिकिवलं तसंच लावलं हो मी.”

“तुमचं काही चुकलं नाही, मास्तर,” बाई म्हणाल्या. मग कुणाचं चुकलं, हे त्यांना उमजेना.

*

त्यांनी बोट टेकवून नोंदी उघडल्या. गाऊनने सर्वांत जोरात खेचल्याचे प्रसंग आन्वीने वर आणून दिले. पहिलंच नाव बाईंनी दोनदा वाचलं. स्वराली मुळीक विरुद्ध राज्य. चार वर्षांपूर्वीची जुलैची तारीख, दुपारचे तीन बेचाळीस. नाडी एकशे बारावरून एकोणसाठवर, पन्नास सेकंदांत.

हे नाव त्यांनी कालच वाचलं होतं. निवृत्त होण्यापूर्वी आपल्या निकालांवरचे पुनर्विलोकनाचे अर्ज आपणच संपवायचे, म्हणून पुढच्या मंगळवारच्या यादीत त्यांनी तो स्वतःच लावून घेतला होता. फेटाळायला पाच मिनिटं पुरतील, असा त्यांचा हिशेब होता.

स्वराली मुळीक प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स होती. सासूला मधुमेह. रोज सकाळी सासूला इन्शुलिनची सुई स्वरालीच द्यायची. एका सकाळी सासू गेली, आणि शरीरात इन्शुलिन प्रमाणाबाहेर सापडलं. दोन दिवसांपूर्वी दोघींचं भांडण झाल्याचं नवऱ्याने साक्षीत सांगितलं. मी नेहमीएवढंच दिलं, यापलीकडे स्वराली कधी काही बोलली नाही. खालच्या न्यायालयाने जन्मठेप दिली. अपील मुख्य न्यायमूर्ती हेरवाडकर आणि न्यायमूर्ती अदवंत यांच्यापुढे आलं आणि फेटाळलं गेलं.

त्या दिवसाचं चित्रीकरण आन्वीने लावलं. सरकारी वकील नवऱ्याची साक्ष वाचून दाखवत होते. पडद्यावरच्या हेरवाडकरबाई ऐकता ऐकता एकदम ताठ झाल्या. पेन वर उचललं. मान आरोपीच्या पिंजऱ्याकडे वळली, ओठ उघडले. त्या काहीतरी विचारणार होत्या, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मग खांदे सैल पडले. पेन खाली आलं. पडद्यावरच्या बाईंनी पान उलटलं आणि वकिलांना पुढे चालू ठेवायची खूण केली.

“काय विचारणार होते मी?” बाईंनी विचारलं.

आन्वीने चित्रीकरण पुन्हा मागे नेलं.

*

रविवारी सकाळपासून स्वरालीची फाइल घेऊन त्या घरच्या जेवणाच्या टेबलावर बसल्या. ती साक्ष त्यांनी नऊ वेळा वाचली. फ्रिजला हात कोण कोण लावायचं? नवऱ्याने डॉक्टरला फोन करायला पाऊण तास का घेतला? घरात इन्शुलिनच्या किती कुप्या होत्या आणि नंतर किती सापडल्या? म्हातारीला नीट दिसत होतं का, ती कधी स्वतःची सुई स्वतः घ्यायची का? दुपारपर्यंत कागदावर सतरा प्रश्न झाले. प्रत्येक लिहिताना वाटायचं, हाच तो. खालचा लिहिला की वाटायचं, छे, हा. आन्वीने बजावलं होतं, की आता तुम्ही शोधायला बसलात ना, तर मन हवा तो प्रश्न बनवून देईल, त्यावर विश्वास ठेवू नका. कशावर ठेवायचा मग?

त्यांचे यजमान अमेय वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. ते समोर भेंडी चिरत बसले होते.

“अमेय, मी बदललेय का रे? या सहा वर्षांत?”

“कोर्टात मी नसतो. घरी म्हणशील तर...” ते घुटमळले. “संध्याकाळी रडतेस.”

“मी?”

“आल्यावर चहा घेता घेता. रोज नाही, पण बऱ्याचदा. मी विचारायचो काय झालं, तू म्हणायचीस काही नाही, डोळे चुरचुरताहेत. मग मी विचारणं सोडून दिलं.”

“आणि तू डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलंस मला.”

“नेलं ना. त्यानं थेंब दिले.”

दोघेही हसले, आणि हसता हसता बाईंना रडू फुटलं. हे रडणं आजचं की चार वर्षांपूर्वीचं, तेही त्यांना समजेना. गाऊन उतरवला की दिवसभराचं दाबलेलं असं वर येत असणार, एवढं मात्र डोक्यात शिरलं. त्यांनी गाडी काढायला सांगितली. रणपिसेसर वाईला राहत होते.

*

माजी मुख्य न्यायमूर्ती शैलेंद्र रणपिसे अंगणात खुर्ची टाकून बसले होते. अडुसष्ट वर्षांचे, अंगावर स्वेटर. बाईंनी सांगितलेलं सगळं त्यांनी न हलता ऐकून घेतलं. पूर्वी त्यांच्या या स्थिरपणाचा बाईंना हेवा वाटायचा. आज त्यांना सरांच्या अंगाला हात लावून बघावंसं वाटलं.

“त्या पट्टीत काय आहे, तुला ठाऊक आहे?” रणपिसे म्हणाले.

“तुमची शांतता, सर.”

“माझी शांतता.” त्यांनी स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या. “गाऊन अंगावर आला त्याच्या सहा दिवस आधी माझा तेजस गेला. खंबाटकीच्या घाटात, मोटरसायकलवर. तू आली होतीस.”

“हो सर.”

“मी रजा घेतली नाही. तेराव्यालासुद्धा दुपारी कोर्टात बसलो होतो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, त्या सकाळ-संध्याकाळ घ्यायचो. सगळे म्हणाले, काय धीराचा माणूस. ते चाळीस दिवस गाऊन माझ्याकडून शिकत होता. मी शांत नव्हतो गं. मला काही जाणवतच नव्हतं. समोर कोण रडतंय, कोण पाया पडतंय, काही पोचत नव्हतं. पुढे गोळ्या सुटल्या, मी थोडा माणसात यायला लागलो, की कॉलर मला परत तिथे नेऊन ठेवायची. पाच वर्षं. मला वाटायचं, दुःख असंच असतं.”

बाईंचा हात नकळत स्वतःच्या मानेवर गेला. आपण सहा वर्षं दुसऱ्याच्या शांततेत नव्हतो, दुसऱ्याच्या सुतकात होतो. संताप यावा तर कुणाचा, आणि दया यावी तर कुणाची?

“तुम्हाला माहीत होतं, सर?”

“तुझ्या कॉलरमध्ये ती चालू आहे हे नव्हतं माहीत. माझ्यापुरतं निवृत्तीनंतर उमगलं. बोललो नाही. काय बोलणार? मुलगा गेला म्हणून माझे निकाल वाचू नका?” ते पुढे झुकले. “आणि तूही बोलू नकोस. ऐक माझं. खाणीचा निकाल आठव.”

तो निकाल कोण विसरणार? बारा गावांचं पाणी तोडणारी खाण बाईंनी बंद केली होती. धमक्यांची पत्रं येत होती, घरासमोर गाडी उभी राहायची, आणि बाईंनी न्यायासनावरून डोळ्याची पापणी न लववता तीन तास निकाल वाचला होता. मानपत्रातले निम्मे 'अविचल' त्या निकालाचे होते.

“ते धैर्य कुणाचं होतं?” रणपिसेंनी विचारलं. “तुझं, का माझ्या गोळ्यांचं?”

“माहीत नाही, सर.”

“साडेसतराशे निकाल आहेत तुझे. त्यातले कुठले तुझे, कुठले गाऊनचे, सांगता येईल?”

“नाही.”

“त्या पोरीच्या वेळी काय विचारणार होतीस, ते तरी?”

“तेही नाही.”

“मग जे तुला माहीत नाही, ते कोर्टात काय सांगणार आहेस? खाणवाले दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन उभे राहतील. पुढच्या महिन्यात हा गाऊन देशभर सक्तीचा होतोय, आणि तोही तुझ्या नावाचा दाखला देऊन. केवढा गोंधळ होईल, याचा विचार केलायस?”

“गोंधळ तर झालेलाच आहे, सर. सध्या तो माझ्या एकटीच्या डोक्यात आहे, एवढंच. आणि ती मुलगी तुरुंगात आहे.”

“ती निर्दोष आहे असं वाटतंय तुला?”

“तेही माहीत नाही,” बाई म्हणाल्या. “कदाचित तिनंच मारलं असेल. पण मी तिला विचारायला तोंड उघडलं होतं, आणि माझं तोंड कुणीतरी मिटलं. एवढंच मला नक्की माहीत आहे. दुसरं काहीच नाही.”

रणपिसे खुर्चीत मागे टेकले.

“माझं नाव घे,” शेवटी ते म्हणाले. “तेजसचं घेऊ नकोस.”

“नाही घेणार, सर.”

*

मंगळवारी साडेदहाला भोईटे रिवाजाप्रमाणे गाऊन हातावर घेऊन चेंबरमध्ये उभे होते. दोन्ही पट्ट्या काढून मास्तरांनी कॉलर परत शिवली होती. आता तो नुसताच काळा कपडा होता. तरीही बाईंनी हात पुढे केला नाही.

“आज नको, भोईटे.”

“नको म्हंजी?”

“आज मला स्वतःलाच बघायचंय, मी कुठे ढळते ते. तो अंगावर असला की सवयीनंच गप्प बसेन.”

भोईट्यांनी गाऊन तसाच हातावर धरून ठेवला. न्यायमूर्ती गाऊन घालून उभे राहिले की चोपदाराने चांदीचा दंड तीनदा आपटायचा आणि पुकारा करायचा, हे ते बावीस वर्षं करत आले होते. “बाईसाहेब, गाऊन न्हाय तर कोर्ट न्हाय. मला असंच शिकिवलंय. मी पुकारू कसा?”

“मग पुकारू नका. नुसता पडदा बाजूला धरा.”

त्यांनी पडदा धरला. त्याचा परिणाम असा झाला, की मुख्य न्यायमूर्ती आपल्याच न्यायालयात आल्या आणि कुणी उठलंच नाही. करड्या हातमागाच्या साडीतल्या या बाई कागद ठेवायला आल्या असाव्यात, असं वकिलांना वाटलं. न्यायमूर्ती अदवंत आधीच येऊन बसले होते, ते दचकून उभे राहिले तेव्हा बाकीचे धडपडत उठले. एकाची फाइल पडली. बाईंचे कान गरम झाले. आपल्याला लाज वाटतेय, हे त्यांच्या लक्षात आलं. या खुर्चीत लाज वाटण्याची ही पहिलीच वेळ.

“मॅडम, गाऊन?” अदवंत कुजबुजले.

“सांगते.”

आरोपीला पडद्यावर न दाखवता समोर हजर करा, असा आदेश त्यांनी आदल्या दिवशी दिला होता. स्वराली मुळीक पिंजऱ्यात उभी होती. चाळिशीची, चित्रीकरणात होती त्याहून खूप बारीक. बाईंनी लिहून आणलेलं निवेदन वाचायला सुरुवात केली. कॉलर, दोन पट्ट्या, आपली कोरी राहिलेली, रणपिसेसरांची चालू राहिलेली. मग त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि तोंडीच सांगितलं. मध्ये दोनदा पाणी प्यायल्या. आवाज चढला, बसला, एकदा पार गेला. मानपत्र लिहिणारे निबंधक दाराशी उभे होते, त्यांना कुठे बघावं ते कळेना.

सरकारी वकील ताडकन उठले. “मॅडम, याचा अर्थ काय धरायचा आम्ही? मग कुठलाच निकाल उभा राहणार नाही. लोकांनी विश्वास कुणावर ठेवायचा?”

“मला माहीत नाही,” बाई म्हणाल्या. या खुर्चीतून हे वाक्य कुणी कधी ऐकलंच नव्हतं.

अदवंतांनी खाकरून घसा साफ केला. “त्या दिवशी मीही इथेच होतो,” ते हळू म्हणाले, पण माइक चालू होता. “त्या साक्षीच्या वेळी मलाही खटकलं होतं काहीतरी. मी मॅडमकडे बघितलं. त्या शांत होत्या, म्हणून मीही गप्प राहिलो.” त्यांनी मान खाली घातली. “फेटाळणीचा आदेश मागे घ्यायला माझी संमती आहे.”

अपील नव्याने, दुसऱ्या न्यायमूर्तींपुढे चालावं, असं बाईंनी नोंदवायला सांगितलं. लेखनिकाने दोनदा विचारून खात्री करून घेतली. खरं तर इथे काम संपलं होतं. वकील कागद गोळा करायला लागले, दोन पत्रकार धावत बाहेर गेले. बाई मात्र उठल्या नाहीत.

“स्वराली,” त्या म्हणाल्या. “तुझा निकाल मी देणार नाही. तो अधिकार मी आता वापरणार नाही. पण तुला काही सांगायचं असेल तर नोंदवून घेईन. सांगायलाच हवं असं नाही. वकिलांशी बोलून घे हवं तर.”

स्वराली वकिलांकडे बघायलाही वळली नाही. तिने कठडा दोन्ही हातांनी धरला होता.

“तुम्ही विचारणार होता,” ती म्हणाली. “मी बघितलं होतं. पेन वर झालं होतं तुमचं.”

“हो.”

“माझ्याकडं बघितलंत. मला वाटलं, आता विचारतील. खालच्या कोर्टात कुणी विचारलंच नव्हतं नीट. मी तयार झाले. मग तुम्ही खाली बघितलंत.”

“हो. तसंच झालं.”

“चार वर्षं मी तेच करतीय, मॅडम. उत्तरं जुळवतीय. तुम्ही काय विचारणार होता ते ठाऊक न्हवतं, मग म्हटलं सगळ्याचीच करून ठेवू. फ्रिजचं असंल, सुईचं असंल, भांडणाचं असंल. भाकऱ्या थापताना करते, कपडे धुताना करते. बराकीतल्या बायकांस्नी म्हणून दाखवते, त्यांची पाठ झाल्यात.” ती थांबली. “काय विचारणार होता?”

बाईंच्या समोरच्या फाइलमध्ये ते सतरा प्रश्न होते. त्यातला कुठलाही काढून विचारता आला असता, आणि तो खोटा आहे हे कुणालाही कळलं नसतं. काळीज इतकं धडधडत होतं, की ते अदवंतांनाही ऐकू जात असेल असं त्यांना वाटलं.

“आठवत नाही, स्वराली,” त्या म्हणाल्या. “मी खूप शोधलं. खरंच नाही आठवत.”

स्वरालीचा चेहरा क्षणभर कोरा झाला. तिने अदवंतांकडे पाहिलं, वकिलांकडे पाहिलं, पुन्हा बाईंकडे पाहिलं.

“मग कुठलं सांगू?”

“सगळी सांग,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी पेन उघडलं.

स्वरालीने एक दीर्घ श्वास घेतला, आणि पहिल्या उत्तरापासून सुरुवात केली.